तैलरंगातली फुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतकी वर्षं फुलंच का? दुसरे विषय सुचत नाहीत का?

सुचतात, आणि रंगवतेही. पण मन रमतं ते फुलांतच. त्याचं कारण उजेडात आहे. भांड्यावर, भिंतीवर किंवा सफरचंदावर उजेड पडतो आणि बहुतांशी तिथूनच परततो. पाकळीचं तसं नाही. तिच्यावर पडलेला थोडा उजेड परततो, थोडा आरपार जातो आणि थोडा पाकळ्या-पाकळ्यांच्या मधल्या जागेत अडकून एकीवरून दुसरीवर पडत राहतो. म्हणून लाल गुलाबाच्या गाभ्यातली सावली काळपट नसते, ती पेटलेली असते. बाहेरच्या पाकळीपेक्षा आत, जिथे अंधार असायला हवा तिथेच, लाल रंग सर्वांत गडद आणि सर्वांत उबदार दिसतो. हे पहिल्यांदा नीट दिसलं की माणूस त्या फुलासमोरून हलत नाही.

आता तैलरंगाचा पातळ थर घ्या. रंगाचे कण पारदर्शक तेलात अडकलेले असतात. उजेड त्या थरातून आत शिरतो, खालच्या फिकट थरावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. म्हणजे पाकळी आणि तैलरंग हे दोघंही उजेडाशी जवळजवळ सारखंच वागतात. माझ्या वेडाचं मूळ हेच आहे. पुढे जे जे सांगितलं आहे ते सगळं या एका गोष्टीतून येतं.

जलरंगात फुलं जास्त नाजूक दिसतात ना?

दिसतात, आणि चांगलं जलरंगातलं फूल पाहून मलाही आनंद होतो. तिथे उजेड कागदाच्या पांढऱ्यातून येतो. पण जलरंगात एकदा गडद झालेली जागा पुन्हा उजळणं अवघड असतं. तैलरंगात गडदातून उजेडाकडे जाता येतं. सावलीचा ओला थर लावायचा आणि त्याच ओल्या रंगात उजळ पाकळी खेचायची. दोन्ही रंग कडेला एकमेकांत मिसळतात आणि पाकळीची कड आपोआप मऊ होते. ॲक्रिलिक इतक्या भराभर सुकतं की हे करायला सवडच मिळत नाही.

फूल कोमेजतं आणि तैलरंग तर लवकर सुकत नाही. मग जमवता कसं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि तो अगदी बरोबर आहे. फुलांची चित्रकला म्हणजे निम्मी वेळेशी चाललेली बोलणी.

पहिली गोष्ट म्हणजे फुलांची घाई सारखी नसते. शेवंती फुलदाणीत बरेच दिवस टिकते. जास्वंद एका दिवसाचं असतं. खसखशीच्या फुलाच्या पाकळ्या हात लागायच्या आत गळायला लागतात. गुलाब खोलीतल्या उबेने दुपारपर्यंत उमलून वेगळाच आकार घेतो. आणि ट्युलिप तर कापल्यानंतरही वाढतं. देठ लांब होत जातो, उजेडाकडे वळतो. सकाळी काढलेली रेघ संध्याकाळी खोटी ठरते. म्हणून मांडणी करतानाच कोण आधी हलणार, कोण थांबणार, याचा हिशोब मनात करायचा.

मी सर्वांत चंचल फूल आधी रंगवते, तेही एका बैठकीत, सगळे थर ओले असतानाच. पानं, देठ, फुलदाणी, कापड हे थांबायला तयार असतात. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. आणि सुरुवातीला जी आकृती पकडली ती धरून ठेवायची. फूल उमलत गेलं म्हणून चित्रात मागे मागे बदल करत राहिलं तर शेवटी सकाळचं अर्धं आणि दुपारचं अर्धं असं एक फूल तयार होतं, आणि ते कुठल्याच वेळचं वाटत नाही. फुलाने फारच सुंदर वळण घेतलं असेल तर दुसरा छोटा कॅनव्हास घ्यावा.

१७व्या आणि १८व्या शतकातल्या डच चित्रकारांनी यावर वेगळा तोडगा काढला होता. ते एकेक फूल त्याच्या मोसमात अभ्यासायचे आणि चित्रात सगळी एकत्र आणायचे. ॲम्ब्रोसियस बॉसखार्टच्या गुच्छांत एकाच वेळी कधीच न फुलणारी फुलं शेजारी शेजारी दिसतात ती यामुळेच. यान व्हान हौसम तर प्रत्यक्ष फूल समोर असल्याशिवाय ते रंगवायला नाखूश असे. १७४२ च्या एका पत्रात त्याने ग्राहकाला कळवलं होतं की पिवळा गुलाब मिळत नाही, त्यामुळे चित्र पुढच्या वसंतापर्यंत पुरं होणार नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं टेराकोटाच्या फुलदाणीतल्या फुलांचं चित्र आहे, त्यावर १७३६ आणि १७३७ अशी दोन वर्षं घातलेली आहेत. एका गुलाबासाठी वर्षभर थांबायची तयारी असलेल्या माणसाबद्दल मला अपार आदर वाटतो.

फुलं जास्त वेळ ताजी ठेवायला काय करता?

देठ तिरपा कापायचा, पाण्याखाली येणारी पानं काढून टाकायची, पाणी रोज बदलायचं, आणि काम नसेल तेव्हा फुलदाणी थंड जागी ठेवायची. दिवा फुलाच्या फार जवळ नको. जुने पिवळे बल्ब तर फूल भाजूनच काढतात, एलईडी बरे.

फोटो काढून त्यावरून निवांत रंगवलं तर?

फोटो आठवणीसाठी ठेवा, पण रंगासाठी त्याच्यावर विसंबू नका. गडद लाल किंवा झगझगीत केशरी फुलाचा फोटो जवळून बघा: पाकळीवरचे चढ-उतार पुसले गेलेले असतात, एक सपाट लाल डाग उरतो. इतका तीव्र रंग कॅमेऱ्याला पेलवत नाही. सावल्याही फोटोत काळ्या होतात, आणि मी वर म्हटलं तो गाभ्यातला पेटता रंग तिथेच मरतो. शिवाय डोळे दोन असतात. समोरच्या पाकळीच्या मागे किती जागा आहे हे डोळ्यांना कळतं, फोटो ते सांगत नाही.

ज्यांना वेळेअभावी फोटोशिवाय गत्यंतर नाही, त्यांनी निदान फूल ताजं असताना छोट्याशा बोर्डवर चार-पाच मुख्य रंग जुळवून ठेवावेत: उजेडाचा, सावलीचा, आरपार दिसणाऱ्या पाकळीचा, गाभ्याचा, पानाचा. मग फोटो आकारासाठी आणि तो बोर्ड रंगासाठी वापरावा.

माझी फुलं कागदी किंवा प्लास्टिकची दिसतात. काय चुकतं?

बहुतेक वेळा तीन गोष्टींपैकी एक असते.

पहिली, प्रत्येक पाकळी मोजून रंगवलेली असते. समोरच्या गुलाबाकडे डोळे बारीक करून बघा. पाकळ्या नाहीशा होतात आणि एक उजळ बाजू, एक सावलीची बाजू, मधला खोल गाभा एवढंच उरतं. आधी हे मोठे भाग बसवायचे. गुलाब मुळात एक गोलसर वाटी आहे. वाटीला वजन आलं की तिच्यावर तीन-चार पाकळ्यांच्या कडा नीट काढल्या तरी पुरे, बाकीच्या बघणाऱ्याच्या मनात तयार होतात.

दुसरी, सगळ्या कडा सारख्याच टोकदार असतात. पाकळी जिथे सावलीत वळते तिथे कड हरवते, जिथे उजेड तिच्या काठावर येतो तिथेच ती धारदार दिसते. एका फुलात अशा स्पष्ट कडा एक-दोन ठिकाणीच ठेवते. बाकीच्या कोरड्या, स्वच्छ ब्रशने हलकेच ओढून घेते.

तिसरी सर्वांत महत्त्वाची, आणि हिच्याबद्दल कितीही बोललं तरी माझं समाधान होत नाही. उजेडासमोर आलेली पाकळी आणि उजेड मागून येत असलेली पाकळी यांचे रंग वेगळे असतात. एक गुलाबी फूल खिडकीपाशी धरा. खिडकीकडच्या बाजूने बघितलं तर पाकळ्यांवर आकाशाचा थंड, दुधाळ पांढरेपणा चढलेला असतो. रंग फिका वाटतो. आता फूल तसंच ठेवून तुम्ही पलीकडे जा आणि उजेड पाकळीतून आरपार येताना बघा. तीच पाकळी एकदम रसरशीत, उबदार, जवळजवळ केशरी-गुलाबी झालेली असते, शिरा दिसू लागतात, आणि जिथे दोन पाकळ्या एकमेकींवर आहेत तिथे दुप्पट गडद पट्टा उमटतो. पहिल्या रंगात पांढरा मिसळावा लागतो. दुसऱ्यात पांढऱ्याला शक्यतो हातच लावायचा नाही. तिथे खालचा थर उजळ ठेवून त्यावर पारदर्शक रंग पातळ पसरायचा. हा फरक केला नाही, सगळीकडे पांढरा मिसळत गेलो, की फूल खडूसारखं होतं. केला, की ते श्वास घेतं.

पांढरं फूल कसं रंगवायचं? पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार?

पांढऱ्या फुलात शुद्ध पांढरा रंग फार थोडा असतो, नखाएवढ्या एक-दोन जागी. बाकी सगळं राखाडी, पण जिवंत राखाडी: पानांजवळ हिरवट, आकाशाकडे निळसर, गाभ्याकडे पिवळट, आणि दोन पाकळ्यांच्या मधे मध घातल्यासारखं. कॅनव्हासवर आधी एक मध्यम करडा हात फिरवून घ्या. शुभ्र कॅनव्हासवर हे राखाडी फार गडद वाटतात आणि आपण घाबरून ते उजळ करत बसतो. मधल्या छटेच्या जमिनीवर ते बरोबर वाटतात. शुद्ध पांढरा अगदी शेवटी, जाडसर, एका फटकाऱ्यात लावून सोडून द्यायचा.

पिवळ्या फुलाची सावली हिरवी होते.

कारण त्यात काळा घातलेला असतो. काळा पिवळ्याला हिरव्याकडे ओढतो. त्याऐवजी येलो ऑकर, रॉ सिएना आणि अगदी किंचित जांभळा वापरून बघा. झेंडूसारख्या केशरी पिवळ्या फुलात सावलीला बर्न्ट सिएना छान जमतो.

लाल फुलाचं दुखणं उलट आहे. उजळ करायला पांढरा घातला की ते गुलाबी होतं. उबदार उजेडात उजळ भाग केशरी लालाने करा, आणि फक्त जिथे आकाशाची चमक पडली आहे तिथे थोडा थंड गुलाबी ठेवा.

पानांचा हिरवा इतका कृत्रिम का दिसतो?

ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा लावल्यामुळे. अल्ट्रामरीन निळा आणि कुठलाही पिवळा मिसळून हिरवे बनवा, आणि फुलात वापरलेला लाल त्यात थोडा टाका. हिरवा शांत होतो आणि पान त्याच फुलाचं वाटू लागतं.

सुरुवातीला कोणते रंग घ्यावेत?

थोडे पण चांगले. टायटॅनियम व्हाइट, एक थंड पिवळा, एक उबदार पिवळा, कॅडमियम रेड, क्विनाक्रिडोन रोझ, अल्ट्रामरीन ब्लू, येलो ऑकर, बर्न्ट सिएना. जांभळ्या फुलांसाठी पुढे डायॉक्साझिन व्हायोलेट घेता येईल, पण तो फार जोरकस आहे, टाचणीच्या टोकाएवढाच घ्यावा.

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो तो वाचायची सवय लावून घ्या. रंगाचं नाव कंपनी काहीही देऊ शकते, क्रमांक खरं सांगतो. फुलं रंगवणाऱ्याला याची गरज सर्वांत जास्त, कारण गुलाबी आणि जांभळे हेच रंग उजेडाने उडण्यात पुढे असतात. अलिझरिन क्रिमसन, म्हणजे पी.आर. ८३, दिसायला अप्रतिम आहे. गुलाबाच्या गाभ्यासाठीच बनवल्यासारखा. पण पातळ लावला किंवा पांढऱ्यात मिसळला की तो हळूहळू फिका पडतो. त्याच्या जागी पी.व्ही. १९ किंवा दुसरं एखादं क्विनाक्रिडोन घ्या. ही रंगद्रव्यं १९५८ च्या सुमारास बाजारात आली आणि फुलांच्या चित्रकारांचं त्यांनी मोठं भलं केलं.

रंग उडणं म्हणजे नेमकं काय होतं ते व्हॅन गॉगच्या चित्रांत दिसतं. मे १८९० मध्ये फ्रान्समधलं सँ-रेमी हे गाव सोडण्यापूर्वी त्याने फुलांची चार मोठी चित्रं काढली, दोन आयरिसची आणि दोन गुलाबांची. त्यात त्याने जेरेनियम लेक नावाचा लालसर रंग वापरला होता, जो उजेडात टिकत नाही. आज ते गुलाब जवळजवळ पांढरे दिसतात. ते गुलाबी होते. जांभळे आयरिस निळे झाले आहेत, कारण निळ्यातला लाल निघून गेला. हिरव्या जमिनीवर गुलाबी फुलं ही त्याने विचारपूर्वक मांडलेली जोडी होती, आणि तिच्यातला एक आवाज कायमचा बंद झाला. मला त्या गुलाबांसमोर नेहमी हळहळ वाटते.

टायटॅनियम की झिंक व्हाइट?

टायटॅनियम. झिंक व्हाइट पारदर्शक आणि नाजूक आहे, पाकळ्यांसाठी मोह पडतो, पण तेलातला त्याचा थर काळानुसार ठिसूळ होतो आणि तडकू शकतो. ट्यूबवर नुसतं ‘व्हाइट’ असेल तरी मागे क्रमांक बघा. बऱ्याच मिश्रणांत झिंक असतं. पी.डब्ल्यू. ४ म्हणजे झिंक, पी.डब्ल्यू. ६ म्हणजे टायटॅनियम.

तेल कुठलं, आणि ‘तेलकट वर, कोरडं खाली’ म्हणजे काय?

जवसाचं तेल बहुतेक कामाला पुरतं. त्याचा थर मजबूत होतो, पण ते थोडं पिवळं पडतं. पांढऱ्या आणि फिक्या निळ्या फुलांसाठी काही जण अक्रोडाचं किंवा खसखशीचं तेल वापरतात. ते कमी पिवळं पडतं, मात्र उशिरा सुकतं आणि थर तितका चिवट होत नाही. जवसाच्या तेलातलं चित्र अंधारात ठेवलं तर जास्त पिवळं होतं आणि उजेडात आणलं की पुष्कळसं परत उजळतं. तेव्हा चित्र भिंतीकडे तोंड करून महिनोन् महिने ठेवू नका.

तेल सुकतं म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून खाली जास्त तेलाचा, सावकाश सुकणारा थर आणि वर कमी तेलाचा, भराभर सुकणारा थर दिला, की वरचा आधी कडक होतो, खालचा नंतर हलत राहतो आणि भेगा पडतात. सुरुवातीचा थर पातळ, कमी तेलाचा. पुढच्या प्रत्येक थरात तेल थोडं वाढवत जायचं. मी पहिला आराखडा बर्न्ट अंबरने करते. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर सुकतो आणि दुसऱ्या बैठकीला तयार असतो.

मला टर्पेंटाइनचा वास सहन होत नाही.

मग वापरू नका. आराखडा ट्यूबमधल्याच रंगाने, ताठ ब्रशने घासून लावता येतो. ब्रश काम चालू असताना नुसत्या तेलात धुवून कापडाला पुसायचे, शेवटी साबणाने स्वच्छ करायचे. पातळ करणारं काहीही वापरत असाल तर खिडकी उघडी हवी, बरणीचं झाकण लावलेलं हवं. कॅडमियमचे रंग बोटाने पसरू नका आणि सुकलेला थर घासून धूळ उडवू नका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. जवसाच्या तेलात भिजलेली कापडं चुरगळून डब्यात कोंबू नका. तेल सुकताना उष्णता निघते, ती कोंडली गेली की कापड आपोआप पेट घेऊ शकतं. ती बाहेर सुटी पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून धातूच्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

पार्श्वभूमी आधी की फूल आधी?

दोन्ही बरोबर. पार्श्वभूमी नंतर ‘भरली’ तर फूल कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं. दोन्ही ओले असताना कडेपाशी भेटले पाहिजेत. आँरी फाँताँ-लातूर या १९व्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराची गुलाबांची चित्रं यासाठी अभ्यासावीत. मागे नुसता करडा-तपकिरी रंग, पण तो घासलेला, हलता आहे, आणि गुलाब त्यातून पुढे येतात.

फुलांची चित्रं म्हणजे शोभेची कला, असं लोक म्हणतात. वाईट वाटतं का?

हा ग्रह जुना आहे. १६६७ च्या फ्रेंच चित्रकला अकादमीच्या व्याख्यानांना लिहिलेल्या प्रस्तावनेत आंद्रे फेलिबियँ या कलेवर लिहिणाऱ्या लेखकाने विषयांची उतरंड मांडली. इतिहास आणि पुराणकथा वर, मग माणसं, प्राणी, निसर्गचित्रं, आणि फळं-फुलं-शिंपले अगदी तळाशी. त्या काळी स्त्रियांना नग्न मॉडेलवरून अभ्यास करायला सहसा मिळत नसे, त्यामुळे सर्वांत वरची पायरी त्यांना जवळजवळ बंदच होती. फुलं मात्र उघडी होती. डच चित्रकार रेचल रौश त्याच वाटेने गेली. तिचे वडील शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. फुलं ती लहानपणापासून शास्त्रज्ञाच्या नजरेने बघत आली. दहा मुलांची आई असताना तिने काम सोडलं नाही, ड्युसेलडॉर्फच्या दरबाराची चित्रकार झाली, आणि ऐंशी उलटल्यावरही चित्रं काढत राहिली, त्यांवर आपलं वय लिहून. ही शोभेची कला असेल तर मी आनंदाने शोभेची चित्रकार आहे.

आणि फ्रेंच चित्रकार एदुआर माने घ्या. आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत त्याला उभं राहणंही कठीण झालं होतं. मित्र फुलं आणून द्यायचे आणि तो ती काचेच्या फुलदाणीत ठेवून छोट्या कॅनव्हासवर रंगवायचा. पाण्यात वाकलेले देठ, काचेवरची एक चमक, दोन-तीन फटकाऱ्यांत गुलाब. ३० एप्रिल १८८३ ला तो गेला. मोठ्या विषयांवर गाजलेल्या माणसाने शेवटी हे निवडलं.

आणखी कुणाची चित्रं बघू?

शार्दँ या १८व्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराचं फुलांचं एकच चित्र आज उरलं आहे, ते एडिनबरोमध्ये आहे. निळ्या-पांढऱ्या फुलदाणीत काही साधी फुलं. किती कमी सांगून किती दाखवता येतं हे तिथे शिकायला मिळतं. मोनेची कमळं मोठ्या आकारात बघायला मिळाली तर पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात बघा, १९२७ पासून ती तिथे आहेत. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ मात्र आधी बघू नका. तिची प्रचंड फुलं इतकी पकड घेतात की स्वतःची नजर तयार व्हायच्या आत तिचीच सवय लागते.

पहिलं फूल कुठलं घेऊ?

एकच, मोठ्या आणि थोड्या पाकळ्यांचं. एकेरी गुलाब, लिली, जास्वंद. डेलिया आणि शेवंतीला हात लावायची घाई नको. एका बाजूने येणारा उजेड, मागे साधा कागद, छोटा कॅनव्हास, आणि हातात बसेल त्यापेक्षा एक नंबर मोठा ब्रश.

वार्निश कधी लावायचं?

पातळ चित्राला साधारण सहा महिने, जाड रंगाच्या चित्राला वर्ष किंवा त्याहून जास्त थांबा. वरून हात लावून कोरडं वाटलं तरी आतला थर अजून घट्ट होत असतो. पांढऱ्याचा जाड फटकारा असेल तिथे नखाने हलकेच दाबून बघा. खूण उमटली तर अजून थांबायचं. तोवर चित्र धुळीपासून जपा, पण उजेडात ठेवा. फारच घाई असेल, म्हणजे चित्र द्यायचंच असेल, तर रिटचिंग वार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या वार्निशचा, पातळ हात द्या आणि घेणाऱ्याला वर्षभराने परत आणायला सांगा.